सात नंबरची पोट्टी

७ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

ड्रॉ आला! शनिवारी चंद्रपूरले सीझनचा पहिला दिवस, अन् पहिलाच सामना आमचा — आरमोरी कॉलेजच्या पोट्ट्यांशी. वामनराव सरांनी ग्रुपवर टाकलं, अन् मी वर्गातच बेंचवर बुक्की हाणली. मॅडम म्हणे, "करिष्मा, काय झालं?" काई नाई मॅडम. कबड्डी सुरू झाली.

मागच्या साली याच पोट्ट्यांशी खेळताना माझं हाड मोडलं. शिट्टी होऊन गेली होती, मी पालथी पडून होती. अन् वरून एकीनं मुद्दाम गुडघा घातला. गळ्याजवळचं हाड — कट! मान वळवली तं ती उठून चालली होती. पिवळी जर्सी, पाठीवर सात नंबर. चेहरा नाई दिसला. तीन महिने हात गळ्यात बांधून होती मी. विद्यापीठाच्या टीममधून नाव गेलं. ते सर्टिफिकेट भेटलं असतं तं पोलीस भरतीत खेळाडूच्या जागेवर बसली असती.

सात नंबर. यंदा तिचा पाय घेते. लिहून ठेवून राह्यली.

८ ऑक्टोबर, बुधवार

आई वावरात सोयाबीन सोंगाले बोलवत होती. नाई गेली. गोठ्याच्या खांबाले घोटा समजून दोनशे वेळा झेप घेतली. तळहाताची साल निघाली. आई म्हणे, "अवं, खांब काय पळून जाते का?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रॅक्टिसले दिव्यानी रेड टाकाले आली, मी तिचा घोटा धरला अन् सोडलाच नाई. ती जमीन बडवून राह्यली — "सोड नं वं, भैताड!" — मी नाईच सोडला. शेवटी तिनं कोपर हाणलं. माझा वरचा दात हालून राह्यला. रक्त थुंकलं अन् पुन्हा कोपऱ्यात उभी राह्यली.

सर लय चिडले. "कॉर्नरवालीनं रेडरले थांबवाचं असते, तिचा पाय उपटाचा नसते!"

सरांचं हाड कोणी मोडलं होतं का? दिव्यानी माझी लहानपणची मैत्रीण, तरी जाताना बोलली नाई. नको बोलू.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. चंद्रपूर

दुपारच्या एसटीनं आलो. मैदानावर टीमच्या याद्या लावल्या होत्या. आरमोरी, नंबर सात — रीना नैताम.

नाव भेटलं! मोबाईलमध्ये फोटोच काढला.

त्या पोट्ट्या मॅटवर सराव करत होत्या. सात नंबर कशी, तं बारीक, काटकुळी. पण पाय भलते चपळ. दिव्यानीचा रुसवा निघाला होता. बराच वेळ पाहून ती म्हणे, "ही लहान दिसते वं. मागच्या साली हीच होती का?"

मी म्हटलं, "नंबर पाह्य नं. तोंड कायले पाह्यतं?"

११ ऑक्टोबर, शनिवार

जिंकलो. ३१-२७. अन् मी तिचा पाय मोडला.

पहिल्या हाफमध्ये तिनं आमची पार धुलाई केली. एकटीचे नऊ पॉइंट! दोनदा घोटा माझ्या हातात येऊन निसटला. एकदा तं टाच माझ्या हालत्या दातावर बसली, दात तिथीच पडला. मॅटवरून उचलून सरांच्या हातात देला. सर म्हणे, "बाहेर बस." मी म्हटलं, बसत नाई.

सहा मिनिटं राह्यली होती, २४-२४. ती बोनस घ्याले आली. पाय लांबवला. मी झेपावली, दोन्ही हातांत घोटा. वरून दिव्यानी पडली, तिच्यावर अजून दोघी. रीना आऊट झाली होती. पंचाची शिट्टी झाली. मले साफ ऐकू आली.

माझ्या वेळीबी शिट्टी होऊन गेली होती मागच्या साली, असं मनात म्हटलं, अन् पाय पिळला. पूर्ण जोर लावून पिळला. ओली फांदी मोडते तसा आवाज झाला. मंग ती ओरडली. असं ओरडणं मी जनावराचंबी ऐकलं नाई.

मंग काय, आरमोरीचे लोक मॅटवर! खुर्च्या फेकल्या. एकानं माझी वेणी धरून ओढली, मी त्याच्या नाकावर डोकं मारलं. दिव्यानीचं कपाळ फुटलं, चार टाके पडले. पोलीस आले तेव्हा कुठी थांबलं. अर्ध्या तासानं उरलेला सामना खेळवला.

रीनाले उचलून नेताना मी पाहत होती. पाय भलत्याच बाजूले वळला होता. खोटं काऊन लिहू? मजा आली. छाती हलकी झाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज आरमोरीचा दुसरा सामना होता. मी सहज पाहाले बसली. टीम मॅटवर आली, अन् त्यात सात नंबर!

बाप्पा! अंगावर काटाच आला. तिचा तं पाय प्लास्टरमध्ये आहे. नीट पाह्यलं — दुसरीच पोट्टी. जाड, उंच. जर्सी तिले आखूड होऊन राह्यली होती.

मी उठून त्यांच्या अतुल सरांकडं गेली. लोक मारतीन का म्हणून भीती होती, पण गेली. विचारलं, "सर, सात नंबर तं रीनाचा नं?"

"जर्सी कॉलेजची असते बाई. पेटीत राहते. जो येईन त्याले देतो."

"मागच्या साली कोण घालत होतं?"

त्याइनं आठवून सांगितलं. ती पोट्टी बी.ए. होऊन गेली, लग्न झालं, सिरोंच्याच्या पल्याड तेलंगणात असते. "रीना तं यंदाच आली. पहिलं वर्ष."

माझ्या अंगावरची तीन नंबरची जर्सी माझी आहे का? मागच्या साली कोणी दुसरीच घालत होती. पेटीतून निघाली, मले बसली, देली. हे मले माहीत नव्हतं का? खांबाले दोनशे झेपा घालून राह्यली होती, तेव्हा डोकं कुठी गहाण होतं?

संध्याकाळी वामनराव सरांनी बोलावलं. शिट्टीनंतर पाय पिळला, असं आरमोरीवाल्यांचं म्हणणं. रीनानं तसं लिहून देलं असतं तं मले दोन सालची बंदी होती. कमिटीचा माणूस दवाखान्यात जाऊन आला. तिनं लिहून देलं — तक्रार नाई, खेळात झालं.

सर म्हणे, "वाचली तू."

१३ ऑक्टोबर, सोमवार

चोर सोडून संन्याशाले फाशी. आई हे नेहमी दुसऱ्यांले म्हणते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आईले कॉलेजात काम आहे म्हणून सांगितलं अन् चंद्रपूरच्या दवाखान्यात गेली. वॉर्डाच्या दारातून दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा आत गेली.

रीनाचा पाय मांडीपासून बांधलेला. गुडघ्याच्या आतलं तुटलं, ऑपरेशन लागते. जवळ तिची माय बसली होती, सुकरीबाई. तिले मराठी मोजकीच येते. मी टीममधलीच पोट्टी आहे असं तिले वाटलं. मले बसाले जागा देली, पिशवीतून सीताफळ काढून हातावर ठेवलं. जंगलातलं, लहानसं.

मी एका दमात बोलून टाकलं. शिट्टी ऐकली होती, मुद्दाम पिळला, मागच्या सालच्या सात नंबरनं माझं हाड मोडलं होतं, ती तूच असं वाटलं.

रीना म्हणे, "मागच्या साली मी बारावीत होती ताई."

मंग म्हणे, "पोलीस भरतीसाठी खेळत होती मी."

मी रडाले लागली. कायले रडत होती मी? पाय तिचा मोडला. म्हटलं, "मी खेळणं सोडते. उद्याच सरांले सांगते." रीनानं भिंतीकडं तोंड केलं.

माय गोंडीत विचारून राह्यली, काय झालं म्हणून. रीनानं तोंड न वळवता तिले दोन-चार शब्द सांगितले. मायनं माझ्याकडं पाह्यलं. माझ्या हातातलं सीताफळ परत काढून घेतलं.

निघताना सिस्टरजवळ माझा फोन नंबर लिहून ठेवला. चारच्या बसनं घरी आली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सरांले सांगाले निघाली, तं रस्त्यातच फोन आला. रीना होती.

"शिट्टी मलेबी ऐकू आली होती ताई. तू सोडला नाई, तेबी समजलं होतं."

"मंग तक्रार काऊन नाई केली?"

"तुले बंदी लागली असती. मंग मी उभी राह्यल्यावर तू मले मॅटवर कुठी भेटली असती? खेळणं सोडू नको. मी येऊन राह्यली."

म्हटलं, "ये. नाई सोडत."