सात मिनिटं

आई, तुझा कॉम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. चालू होतो, पडद्यावर तू लावलेलं जास्वंदीचं चित्र येतं, मी हुरळून जाते आणि सातव्या मिनिटाला खट्कन सगळं काळं. आधी वाटलं, स्विचबोर्ड ढिला असेल. तो बदलला, मग वायर बदलली. मग तू करायचीस तसं आतली रॅम काढून खोडरबरने घासली आणि पुन्हा बसवली. तुला दोन मिनिटांत जमायचं, मला अर्धा तास लागला, वर पत्र्याने बोट कापलं. तरी सातच मिनिटं. इतकी वक्तशीर तर तूही नव्हतीस.

चाळ रिकामी करायची नोटीस आलीय. पुढच्या महिन्यात परळ सोडायचं. शेजारच्या काकी म्हणतात, "अगो, पेन ड्राइव्हवर घे नि डबडा टाक भंगारात." घेतलं ना पेन ड्राइव्हवर. पण तुझा तो जुना मराठी फॉन्ट फक्त याच मशीनला कळतो. ऑफिसात उघडून पाहिलं तर इंग्रजी अक्षरांची भेळ. म्हणजे वाचायचं तर इथेच, आणि सातातली चार मिनिटं नुसती चालू व्हायलाच जातात.

शनिवारी टॅक्सीत मांडीवर घेऊन दादरला नेला. मेकॅनिकने झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, कॉम्प्युटर आहे की देव्हारा?" आतल्या पंख्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, अक्षता, उदबत्तीची राख. सगळं मीच वाहिलेलं. तू दसऱ्याला कीबोर्डवर एक फूल ठेवायचीस, बस. तू गेल्यावर मी अख्खा हार घालायला लागले. वर्षातून एकदा चालू करायचे, ओवाळायचे आणि एकही फाइल न उघडता बंद करायचे. माझ्याच भक्तीने त्याचा श्वास कोंडला. मेकॅनिकने ब्रशने साफ करून दिलं. म्हणाला, "पंखा फिरतोय आता. पण बोर्डच थकलाय, किती दिवस चालेल बोलू नाय शकत." घरी आणून लावला तर नऊ मिनिटं चालला. मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात.

मी काय शोधतेय ते तुला ठाऊक असेल. जन्मभर तू लोकांचं टाइप केलंस. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, लालबागच्या मंडळांचे अहवाल. त्या दिवशी मी ऑफिसातून आले तेव्हा तू दुपारपासून खुर्चीतच होतीस. गोळ्या तशाच पडलेल्या, पाय सुजलेले. मी म्हटलं, "ऊठ आता. कोणाचं काम आहे एवढं?" तू पडद्यावरून नजर न काढता म्हणालीस, "कोणाचं नाही गं. माझंच आहे. थांब, एवढं एक वाक्य." मी थांबले. मग पुन्हा सांगितलं. तू पुन्हा, "एक वाक्य." त्यानंतर तू त्या खुर्चीत बसली नाहीस. तीन आठवड्यांत सगळं आटपलं.

तू काय लिहीत होतीस, मी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटून काय उपयोग? एकच आशा आहे. शाळेत असताना माझा निबंध उडाला होता, मी भोकाड पसरलं होतं, तेव्हा तू जवळ घ्यायच्या ऐवजी झापलं होतंस, "दर ओळीला सेव्ह करायचं. रडून परत येत नाही ते." अशी बाई स्वतःचं सेव्ह केल्याशिवाय राहील? गिऱ्हाइकांच्या फाइलींना तू आडनावं द्यायचीस. पण नुसत्या 'नवीन' नावाच्या सदतीस फाइली आहेत. एका वेळी एक उघडते. आज एकोणिसावी. शिळा चहा समोर ठेवून बसले आणि पडद्यावर आलं, 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. पुढे कोणाचं लग्न ते दिसायच्या आत काळं. अठरा राहिल्यात. मशीन आधी जाईल की फाइली आधी संपतील, माझ्या हातात काही नाही.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून लिहिते. कॉम्प्युटरची वायर पार्टिशनच्या वरून स्वयंपाकघरातल्या बोर्डात जायची, आठवतं? तू तिसऱ्यांदा "एक वाक्य" म्हणालीस तेव्हा मी दूध तापवायला म्हणून आत गेले आणि त्याचं बटण बंद केलं. बाहेर येऊन म्हटलं, "अगं, लाइट गेली वाटतं." तू काळ्या पडद्याकडे बघितलंस. मग मान वर करून बघितलंस. डोक्यावर पंखा गरगरत होता. तू थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "हो, गेली असेल." मग उठायला माझा हात मागितलास.