राखीव कप्पा

४ मार्च, सोमवार

आलो बाबा एकदाचे! सामान अजून खोक्यांत आहे, पण घर झकास आहे. दुसरा मजला, पुढच्या खोलीला भिंतभर खिडकी. बाबांनी आल्या आल्या आपली वेताची खुर्ची त्या खिडकीत टाकली आणि शब्दकोडं काढून बसले. खोकी उचलायला मी आहेच, हक्काची हमाल. आभाळात ढगाचा पत्ता नाही, तरी काळी दांड्याची छत्री त्यांनी हातातून सोडली नाही. आता ती दारामागच्या खिळ्यावर लटकते आहे. जास्वंदीची कुंडी मी अख्खा प्रवास मांडीवर घेऊन आले. एक पानसुद्धा मोडलं नाही, काय समजलात!

संध्याकाळी बाबांचा नेहमीचा खेळ झाला. एक शब्द अडल्याचं नाटक करायचं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसायचं. त्यांना उत्तर येत असतं हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, त्यामुळे असली नाटकं बरी वाटतात.

७ मार्च, गुरुवार

ऑफिस घरासमोरच, रस्ता ओलांडला की आलंच. काम माझ्या आवडीचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र काढणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं, त्याच्या चिपमध्ये हजारो चिमुकले कप्पे असतात. रजिस्टर म्हणतात त्यांना. चिप आपले सगळे आकडे तिथे ठेवते. ते आकडे बाहेरून वाचून दाखवणारा प्रोग्रॅम मला लिहायचाय.

शेजारच्या टेबलावर रेडिओ बसतो. खरं नाव काहीतरी भारदस्त आहे, पण दिवसभर बडबडतो म्हणून सगळे रेडिओच म्हणतात. माझ्या प्रोग्रॅमचं बारसं त्यानेच केलं. दुसऱ्यांच्या कप्प्यांत नाक खुपसणारी, म्हणून चोंबडी. नाव मला पण शोभतं म्हणाला. आगाऊ आहे मेला.

१२ मार्च, मंगळवार

चोंबडी धावायला लागली! चिपच्या माहितीपुस्तकात एका कप्प्यापुढे फक्त राखीव, हात लावू नये, एवढंच लिहिलंय. रेडिओ म्हणाला, सोड ना, उगाच विषाची परीक्षा कशाला. पण मला कुणी नको म्हटलं की तेच करायचं असतं, जन्माची खोड.

तो रांगेचा कप्पा निघाला. म्हणजे एक वाचलं की ते बाहेर पडतं, कायमचं, आणि मागचं पुढे सरकतं. न काढता नुसतं डोकावता येत नाही. किती उरलेत ते शेजारच्या कप्प्यात दिसतं, तो मात्र बिनधोक वाचता येतो. निघालेले आकडे मी ओळीने मांडले तर चक्क चित्र झालं. दांड्याची छत्री! पुन्हा वाचलं, तर फुलझाडाची कुंडी. चिप बनवणाऱ्यांत कोणीतरी भलताच विनोदी असणार. आम्ही पोट धरून हसलो.

१४ मार्च, गुरुवार

छत्री सापडत नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, कसली छत्री, आपल्याकडे छत्री होतीच कधी? मी चिडले. मग बघितलं तर दारामागे खिळाही नाही. खिळ्याचं भोकसुद्धा नाही. कुंडीचंही तेच. जास्वंद? आपली? असं म्हणून माझ्याकडेच काळजीने बघायला लागले.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू विसरली, मग माणसं, शेवटी मला ताई, आपण कोण म्हणून विचारायची. बाबांचं तसं झालं तर मला नाही झेपायचं. खरंच नाही.

१५ मार्च, शुक्रवार

साहेब खूश. चोंबडी आता आपोआप चालू दे, ठरावीक वेळाने सगळे कप्पे वाचून अहवाल लिहू दे, असं म्हणाले. तसं करून ठेवलं. राखीव कप्पा त्यातून वगळायला हवा होता. घरच्या काळजीत डोकं ठिकाणावर नव्हतं, राहिलं.

जायच्या आधी एक चित्र आलं, टेबलाशी बसलेला मिशीवाला माणूस. रेडिओ म्हणाला हा तर मीच, फक्त इतका देखणा मी नाही.

१८ मार्च, सोमवार

शेजारच्या टेबलावर खोकी आहेत. रेडिओ कुठे विचारलं तर कुणाला कळेचना. साहेब म्हणाले, ते टेबल खोक्यांचंच आहे पहिल्यापासून. मग चोंबडी नाव कुणी ठेवलं? तुम्हीच की, म्हणाले.

बाबा विसरत नाहीयेत. बाबांना काहीही झालेलं नाही. जे वाचलं जातं ते जातं — ते कधी होतं हेसुद्धा जातं — आणि आठवण एकट्या माझ्याकडे राहते.

अहवाल उघडला. शनिवार-रविवारभर चोंबडी वाचत होती. आईचा फोटो. वरच्या मजल्यावरचं मांजर. शेवटचं चित्र, खिडकीतली वेताची खुर्ची. रिकामी.

चोंबडी पुसून टाकली. उरलेत किती ते बघितलं. एक.

१९ मार्च, मंगळवार

बाबा खिडकीखाली जमिनीवर बसून कोडं सोडवतात. खुर्ची कसली, मला जमिनीवरच बरं वाटतं, असं म्हणाले. भिंतीवर आईचा फोटो नाही. बघवत नाही तिकडे.

खुर्चीनंतर कोण असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण आता कोणी वाचणार नाही. राहील तिथेच. कार्ड चालू आहे तोवर राहील.

२० मार्च, बुधवार

दारावर चिठ्ठी. शुक्रवारी दुपारी वायरिंगचं काम, आमच्या अख्ख्या रस्त्याची वीज बंद, समोरच्या ऑफिससकट. इलेक्ट्रिशियनला विचारलं, किती वेळ? संध्याकाळ होईल म्हणाला.

वीज गेली की कप्पे रिकामे होतात. कुणी वाचायचीही गरज नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं हे. आणि ऑफिसातली मशीनची बॅटरी घटकाभराची.

२१ मार्च, गुरुवार

साहेबांच्या हातापाया पडले. एवढं एक मशीन चालू राहू द्या — जनरेटर आणते, माझ्या पगारातून कापा — ते म्हणाले, तुम्ही रजा घ्या, वडिलांबरोबर राहा. मी रडले तिथेच. सगळे बघत होते. बघू देत.

जनरेटरवाला नाही म्हणाला. दुसरा सोमवारी देतो म्हणाला. सोमवारी!

आधीच वाचून बघावं का, कोण आहे ते — नको. नको. हात बांधून ठेव बाई.

२२ मार्च, शुक्रवार

रजा. बाबांच्या शेजारी जमिनीवर बसलेय. त्यांचा हात घट्ट धरलाय, डाव्या हाताने. उजव्याने लिहितेय. थांबले तर ओरडेन. ते हसतात, वेडाबाई, मी काय पळून जातोय का.

पंखा थांबला.

अजून बॅटरी असेल —

बाबा आहेत. हात गरम आहे.

समोर ऑफिसातून बॅटरीची शिट्टी येतेय. बारीक होत चाललीय.

बंद.

बाबा आहेत! बाबा आहेत इथेच, देवा, आहेत —

त्यांनी हात सोडवून घेतला. अगदी हळूच, परक्या बाईचा सोडवावा तसा. ताई, आपण कोण, कुणाकडे आलात, असं विचारलं. मी म्हटलं तुमची मुलगी. मला मूलबाळ नाही हो, म्हणाले. समजुतीने म्हणाले. उन्हातून आला असाल, पाणी देतो म्हणून उठले —

पाण्याचा एकच पेला आणला. स्वतःच प्यायले. माझ्याकडे बघितलंच नाही —

खोकी कमी झालीत. माझी —

असू दे. ते आहेत ना. ते राहिले —

कोडं घेऊन बसलेत. एक शब्द अडलाय. चष्म्यावरून बघतायत — मी बसलेय तिथेच बघतायत — सवयीने — कोणी नाही तिथे, तरी थांबलेत —

येतंय मला. बाबा, मला येतंय, मी सांगते, तो शब्द आहे