हिरव्या दोऱ्याची पिन

बुधवार, कळंब. दिवेलागणीची वेळ.

पोरीनं आज कॉलेजातून येऊन काढून ठेवलेली जीन्स घडी घालताना कमरेपाशी बोटाला टोचलं. बघते तर सेफ्टी पिन. चिमटीभर कापड गोळा करून आतून लावलेली.

माझ्या हातची पहिलीच जीन्स. धाराशिवला तिच्या कॉलेजात सगळ्याजणी घालतात, म्हणून हौसेनं स्ट्रेच डेनिम आणलं. आणि माप घेतलं ते सलवारीवरून! वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, बायांचं माप अंगावरच्या कपड्यावरूनच घ्यायची सवय. पोटच्या पोरीचंही तसंच घेतलं. तिच्यापुढं कसली लाज? वर नेहमीसारखा अर्धा इंच सैल ठेवला. हे कापड तर अंगावर ताणत जातं, उलट कमीच घ्यायला पाहिजे होतं. घरात घातली तेव्हा बरी बसली. एसटीत दीड तास बसून उठल्यावर कमरेतून उतरत असणार.

सोमवारी पहिल्यांदा घालून गेली. आल्यावर विचारलं, "कशी बसली गं?"

"लई भारी आई, विकतची वाटती."

आणि मी येड्यासारखी शेजारणीला सांगून आले!

पिन परत बघितली. तिला हिरवा दोरा. माझ्या पिना हरवू नयेत म्हणून मीच बांधते तसला. म्हणजे आज सकाळी माझ्याच डब्यातून घेतली तिनं. ढिली होते हे माहीत असून परत तीच घालून गेली.

उसवून नीट करायची, तर पिन दिसली हे सांगावं लागेल.

घडी घातली. पिन होती तिथंच परत लावली.