लाल दोऱ्याची पिन

१९ नोव्हेंबर १९६१, रविवार. मलकापूर

काल वडनेर भोलजीला आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम झाला. विहाराच्या पायाभरणीचा. माणूस भरपूर. मी दोन तास गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवर लोखंडी नळी फिरवत वाजवली आणि ती एकाही कानात गेली नाही. माईक एकच, तो सुखदेवदादाच्या तोंडाशी. ढोलकीला माईक लागत नाही, ती चार शेतं ओलांडून जाते. पेटीही निभावून नेते. गिटार मेली मांडीवरून खाली उतरत नाही. कार्यक्रम संपल्यावर पुढे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "काय गा बापू, मघापासून मांडीवर इस्त्री काऊन फिरवून राह्यला होता?" सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार.

परत येताना ट्रकमध्ये सु.दा. म्हणाला, "किसन, राग नको मानू. तुही गिटार मले बाजूले बसून आयकू येत नाही, लोकायले काय येईन? नांदुऱ्याचा एक क्लॅरिनेटवाला हाय, तो याले तयार हाय. जयंतीपर्यंत पाह्यतो मी."

जयंती १४ एप्रिलला. पार्टीचा तो वर्षातला मोठा कार्यक्रम. त्यानंतर माझी जागा क्लॅरिनेटला.

२१ नोव्हें.

आज जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग, मान वर करायला फुरसत नाही. कापूस मोजायचा, चिठ्ठी फाडायची. दिवसभर रुई उडते ती नाकात, घशात, जेवणाच्या डब्यात.

दादासोबत आठ वर्षं दुसरा आवाज माझा होता. लोक सांगायचे, दादा गाणं उचलतो आणि किसन ते खाली पडू देत नाही. मग ह्या जिनिंगात नोकरी लागली, सहा हंगाम रुई खाल्ली आणि गळा गेला. डॉक्टरनं गाणं बंद केलं. आता बोलतो तेही फाटक्या पिपाणीसारखं. गयाला शेजारणी विचारतात, तुमच्याकडे कोण पाव्हणा खोकून राह्यला? ती सांगते, मालक आहेत.

गिटार घेतली ती हौसेनं नाही. तारांवरून लोखंडी नळी सरकवली की सूर गळ्यासारखा वळतो, थरथरतो, दम लागल्यासारखा थांबतोही. माझा गळा आता त्या सहा तारांत आहे. तोंडानं हे कोणाला सांगायला लाज वाटते म्हणून इथे लिहिलं.

२६ नोव्हें., रविवार

स्टेशनजवळ रहीमचाचांच्या रेडिओच्या दुकानात दुपारभर बसलो. विकतचं अ‍ॅम्प्लिफायर विचारलं तर चाचा नुसते हसले. मग म्हणाले, "बना लो." चिठ्ठीच्या मागच्या बाजूला त्यांनी नकाशा काढून दिला. तारांखाली बसवायला चुंबकाचं पिकअप. तीन व्हॉल्व. स्पीकर. खोकं. आणि ट्रान्सफॉर्मर. त्यावर पेन्सिल तीनदा फिरवली. "बाकी सब कबाड़ में मिल जाएगा बाबू. ये नहीं मिलेगा. ये नया बँधवाना पड़ेगा."

ह्या सगळ्याचा डबा माईकच्या शेजारी ठेवला की गिटार भोंग्यातूनही जाईल, असं चाचा म्हणतात. त्यांनी म्हटलं म्हणजे जाईल.

१० डिसेंबर

पिकअप झालं! सु.दा. रेल्वेत आहे, त्यानं मोडक्या टेलिफोनचा कानाचा तुकडा आणून दिला. त्यातलं चुंबक आणि तारेची गुंडी काढून गिटारीला बांधली. चाचांच्या दुकानातल्या रेडिओला मागून जोडून पाहिली. एक सूर ओढला. तो दुकानाबाहेर गेला, रस्ता ओलांडून गेला. समोरचा पानवाला चुना लावता लावता थांबून बघायला लागला.

दहा सेकंद वाजलं असेल. तेवढ्यात गुंडीची तार तुटली. परत बांधतो.

२५ डिसें.

स्पीकर मिळाला, पडदा फाटलेला. पतंगाचा कागद आणि खळ लावून सांधला. चहाचं रिकामं खोकं किराणावाल्याकडून. त्याला अजून चहाचा वास आहे. व्हॉल्व दोन जुने आले, एकाचा भरवसा नाही. ट्रान्सफॉर्मरचं काय करायचं ते कळत नाही.

१४ जानेवारी १९६२, रविवार

ट्रान्सफॉर्मरच्या पैशासाठी घरातली माझी पेटी विकली. शेगावच्या एका भजनी मंडळाचे दोघं येऊन घेऊन गेले. त्यातल्या एकानं घेण्याआधी वाजवून पाहिली आणि मला म्हणाला, तुम्ही म्हणा एखादं, सूर कळतील. मी मान हलवली. त्याला वाटलं भाव खातो आहे.

गया चुलीपुढून उठली नाही. ते गेल्यावर म्हणाली, "गळा गेला, पेटी गेली. आता त्या डब्यात काय येईन ते येईन."

तिला सांगितलं, पेटी तशीही मुकीच पडली होती. खरं सांगायचं तर पेटी नेताना तिच्या भात्यातून जरासा आवाज निघाला, तो मला सहन झाला नाही.

४ फेब्रु.

निवडणुकीची धामधूम. गावात जितके भोंगे आहेत तितके जीपवर चढले आहेत, आणि बिघडले की चाचांकडे येतात. माझा ट्रान्सफॉर्मर बांधायला टाकला आहे म्हणतात. रोज सुटी झाली की जाऊन येतो. "कल" म्हणतात. त्यांचा कल लांब असतो.

१८ फेब्रु., रविवार

ट्रान्सफॉर्मर काल हाती आला. जड, देखणा, वार्निशचा वास. आज दुपारी जिनिंगच्या आवारातल्या क्वार्टरवर सगळं जुळवलं. चाचांनी सांगितलं तसं आधी नुसता ट्रान्सफॉर्मर लाईनला लावला. जिनिंगचं इंजिन चालू होतं, बल्ब लागत होता, म्हणजे लाईन ठीक. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला नाही की काही नाही. गप्प. मला वाटलं चांगलाच बांधलाय. एवढ्यात धूर. पिन उपटली तोवर वार्निश उकळून खाली गळत होतं.

गया दारात पाण्याची बादली घेऊन उभी. मी तिला म्हटलं, ओतू नको. तिनं बादली खाली ठेवली.

पेटी गेली त्या धुरात.

२० फेब्रु.

इंजिनघरातल्या पांडू फिटरला जळका गोळा दाखवला. आधी पोट धरून हसला. "अबे, आपला डायनामो डी.सी. देते. डी.सी.वर ट्रान्सफॉर्मर चालतच नाही, जळते तो. गावातली लाईन अलग, आपली अलग. सहा वर्षं झाले या क्वार्टरात राह्यतं, तुले मालूमच नाही?"

मला कसं मालूम असणार? बल्ब गावातही लागतो, इथेही लागतो. चाचांनी विचारलं नाही, कारण त्यांच्या दुकानात गावची लाईन. मी सांगितलं नाही, कारण मला दोन प्रकारची वीज असते हेच ठाऊक नव्हतं. गावात लावला असता तर आज वाजत असता. दुसरा बांधायची ऐपत नाही. विकायलाही आता काही उरलं नाही.

हसून झाल्यावर पांडूला वाईट वाटलं. मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर एक जुना रेडिओ अडगळीत पडला आहे म्हणे, दोन्ही लायनींवर चालणारा. त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो. विचारून पाह्यतो म्हणाला.

४ मार्च, रविवार

रेडिओ आला. उंदरांनी मागचा पुठ्ठा खाल्लेला, काच फुटलेली, पण व्हॉल्व शाबूत. बाईसाहेबांनी फुकट दिला, उलट घर साफ झालं म्हणाल्या. त्याचं पोट काढून चहाच्या खोक्यात बसवतो आहे.

१८ मार्च, रविवार

वाजलं.

आधी पिन लावली तर व्हॉल्व तापले, आवाज नाही. जीव गेला माझा. पांडू म्हणाला, पिन उलटी करून लाव. उलटी केली. खर्र झालं आणि मग सूर आला. डी.सी.वर एकाच बाजूनं चालतं म्हणे. तारांना हात लावून पाहिला, झटका नाही, काही नाही. पिनेच्या बरोबर बाजूला लाल दोरा गुंडाळून ठेवला, म्हणजे चूक नको.

दादासोबत म्हणायचो ती सगळी चाल वाजवली. गया कणीक मळत होती, तशीच हात भरलेले घेऊन बाहेर आली. पूर्ण होईपर्यंत उभी. मग म्हणाली, "हे तं तुमीच म्हनून राह्यले." आणि आत गेली. आज मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली.

२५ मार्च, रविवार

भीती खरी ठरली.

डबा चाचांना दाखवायला घेऊन गेलो. गावच्या लायनीवर तो दोन्ही बाजूंनी वाजतो. मी खूश. चाचा खूश नाहीत. त्यांनी टेस्टर गिटारीच्या तारेला लावला. काही नाही. पिन काढून उलटी लावली, परत टेस्टर लावला. लाल दिवा लागला. तारेत पूर्ण लाईन. माझ्या हातात लोखंडी नळी होती, ती त्यांनी काढून घेतली.

"ट्रान्सफॉर्मर दीवार होती है बाबू, लाईन और आदमी के बीच. इसमें दीवार ही नहीं. एक बाजू से गाना, दूसरे बाजू से जनाज़ा."

मी म्हटलं, टेस्टर लावून बघेन, मगच बसेन.

"और बीच में किसी ने पिन निकाल के उलटी लगा दी तो?"

मी डबा कपड्यात बांधून घरी आणला.

३१ मार्च

हंगाम संपला. चार वाजता पांडूनं इंजिन बंद केलं, क्वार्टरचे दिवे गेले ते आता दिवाळीपर्यंत. उलट्या पिनेनं डबा जिथे वाजतच नव्हता, म्हणून निर्धोक होता, ती लाईनच गेली. शेवटचं वाजवून घ्यावं म्हणून साडेतीनला बसलो होतो. चाल अर्ध्यावर होती, सूर बसत बसत गेला.

८ एप्रिल, रविवार

सु.दा.च्या घरी तालीम. नांदुऱ्याचा क्लॅरिनेटवाला आला होता. वाईट वाजवत असता तर किती बरं झालं असतं. चांगला वाजवतो. माझ्या जागा त्यानं बरोबर भरल्या, जिथे मी श्वास घ्यायचो तिथे त्यानं घेतला.

तालीम झाल्यावर दादानं मला बाजूला नेलं. "तुहा डबा झाला म्हनते पांडू. आन. दोघं वाजवा. पण मले आयकू आला पाह्यजे, किसन. नाही आला तं मी पुढच्या वेळी बोलावणार नाही. तोंडावर सांगतो, मागून नाही."

टेस्टरचं, उलट्या पिनेचं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डबा नको म्हणाला असता, आणि मग नुसती इस्त्री.

१३ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी मांडव पाहून आलो. धूळ बसावी म्हणून स्टेजवर आणि खाली पाणी मारलं आहे, माती ओली गच्च. लाईन शेजारच्या दुकानातून ओढली आहे. एका भोकात चार-चार उघड्या तारा खुपसून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आहेत. लायटिंगवाल्याला लाल दोऱ्याची पिन दाखवली, सांगितलं, ही एकदा लावली की कोणी काढायची नाही. "हाव, हाव" म्हणाला, आणि माझ्यासमोरच कोणाची तरी पिन उपटून तिथे दिव्यांच्या झालरीची लावली. कोणाची होती तेही पाहिलं नाही.

घरी आलो तर गयानं डब्यावरची धूळ पुसलेली, गिटार कपड्यात बांधलेली. मला वाटलं उलट्या पिनेचं तिला माहीत नाही. पण चाचांच्या बेगमकडून तिला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. इतके दिवस ती गप्प होती, मी स्वतःहून सांगतो का ते पाहत. मी सांगितलं नाही.

भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मी नको म्हननार नाही. तुमाले दुसरं काय उरलं हाय? पण एक सांगतो. मले तुमचं गाणं नाही आयकू आलं तं चालन. खोकला आयकू आला पाह्यजे."

एरवी हा खोकला ऐकून शेजारचे दार लावून घेतात.

लोक येतील, दादा उभा राहील, जयभीम होईल, पहिलं गाणं सुरू होईल. नुसती गिटार घेऊन बसलो तर कोणाला काही कळणार नाही, आणि उद्यानंतर बसायचंही नाही. डबा घेऊन बसलो तर पहिल्या सुराला सगळा मांडव वळून बघेल. तो सूर मी क्वार्टरमध्ये ऐकला आहे. तो नसता ऐकला तर सोपं होतं.

डबा दाराशी आहे. लाल दोऱ्याची पिन गयानं वायरसकट गुंडाळून माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आहे, फेकून दिली नाही. सकाळी नऊला दादा टांगा पाठवणार आहे. टांगेवाला विचारेल, सामान किती.