टोटल डार्क, साईड ए

३ फेब्रुवारी १९९२
दुसऱ्या अल्बमचं काम आजपासून सुरू. नाव ‘टोटल डार्क’. पहिल्यात आम्ही फार हसलो, म्हणूनच तो चालला नाही. अल्टरनेटिव रॉकला दर्द लागतो. इकॉनॉमी ओपन झालीय, फॉरेनच्या कंपन्या येतीलच. माल तयार पाहिजे.
संकल्प: अल्बम होईपर्यंत कचोरी बंद. कचोरी खाऊन डार्क राहता येत नाही.

४ फेब्रुवारी
सकाळी दोन कचोऱ्या. सुजयचा आग्रह. ड्रमर माणसाला भूक फार.

९ फेब्रुवारी
बाबांची कापड मिल बंद. गेटवर नोटीस लागली. तीस वर्षं तिसरी पाळी केली, रात्रभर साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कान अर्धे गेले. घरी आले, चप्पल काढली, चहा घेतला, खाटेवर बसले. आई रडली. मीही वही घेऊन रडायला बसलो, म्हणजे लिरिक्स निघतील. पंधरा मिनिटं वाट पाहिली. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. बहुतेक हेच डार्क असावं.

२० फेब्रुवारी
‘सुन्न’ नावाचं गाणं झालं. सात मिनिटं. आमचा बासवाला उदयसिंह म्हणाला, भिया, इसमें गाना थोडा कम कर दे. त्याला पोएट्री कळत नाही.

१४ मार्च
साईड ए रेकॉर्ड झाली, घरच्या टेपवर. मध्ये कुकरची शिट्टी आलीय. ठेवली. रॉ वाटतं.

१७ मार्च
उदयसिंहच्या ताईने दुसऱ्या मिनिटाला टेप बंद केला. सहन झालं नसणार. मामेबहीण अमिता पाणी प्यायला म्हणून उठली, ती थेट तिच्या घरीच गेली. तिलाही भिडलं असेल.

१८ मार्च
सुजयला काकांनी देपालपूरला बोलावलंय, धान्याच्या दुकानात. सोमवारी जातो म्हणाला. मी म्हणालो, अरे, बँडचं काय? तो म्हणाला, यार, एक माणूस दाखव, फक्त एक, जो साईड ए शेवटपर्यंत ऐकेल. मग थांबतो.
सोपं आहे. घाबरायचं कारण नाही. घाबरलोय थोडा. ड्रमशिवाय आम्ही म्हणजे भजनी मंडळ.

२० मार्च
सापडला! घरातच! दुपारी टेप लावला तर बाबा आपणहून स्पीकरला टेकून बसले. डोळे मिटले. ड्रम सुरू होताच बोटं हलायला लागली. ताल धरत होते! पूर्ण अर्धा तास. बोलले काहीच नाहीत. एवढ्या दर्दवर माणूस बोलणार काय?

२२ मार्च
सुजयला साक्षीला बोलावलं. बाबा बसले, डोळे मिटले, बोटं हलली. मी खुणेने दाखवलं, बघ. सुजय त्यांच्याजवळ वाकला आणि म्हणाला, हृषी, काका घोरतायत.
आई म्हणाली, हळू बोला रे, नोटीस लागल्यापासून आत्ता कुठे झोपायला लागलेत. इतकी वर्षं दिवसा झोपायचे ते भिंतीपलीकडे मिलचे साचे चालू असताना. शांततेत त्यांना झोपच येत नाही. मी म्हणालो, पण बोटं? आई म्हणाली, धागा जोडतायत. झोपेत नेहमी जोडतात.
मी सुजयला म्हणालो, शेवटपर्यंत होते ना? सुजय म्हणाला, झोपलेला माणूस मोजत नाहीत.

२३ मार्च
सुजय सकाळच्या बसने गेला. आईच्या पाया पडला. ड्रम इथेच ठेवलेत, दुकानात कुठे नेणार. मी तसा नॉर्मल. कचोरी खाल्ली, चव लागली नाही.

२९ मार्च
टेपने परवा कॅसेट खाल्ली. ‘सुन्न’ गेलं, सगळंच गेलं. दुसरी कॉपी काढायची राहिली होती. बाबा दोन दिवस जागे. आज दुपारी दोनला समोर येऊन उभे राहिले, मोठ्यांदा म्हणाले, वाजव. बसलो ड्रमवर. मला येत नाहीत, पण वाजवले. ते भिंतीला टेकून बसले, पाच मिनिटांत डोळे मिटले. म्हटलं, हाच मौका, लाइव्ह गावं. पहिली ओळ घेतली आणि बाबांनी डोळे उघडले.
आई आतून म्हणाली, गाऊ नकोस रे बाबा, नुसतं मशीन चालव.
चालवलं. पाच वाजेपर्यंत. बोटं हलत होती. रडू आलं नाही, पण उठवतही नव्हतं. दोन्ही हातांना फोड आलेत. लिरिक्सची एकही ओळ सुचली नाही.
उद्या दोनला परत बसायचंय.