नोटीस जिवंत माणसाने द्यावी

मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीतल्या घरमालकांनो, पालिकेने नळासाठी चर खणला आणि आपली बांधकामं खचली. तुमच्या कुंपणभिंती गेल्या, माझं स्वयंपाकघर गेलं. म्हणून हे मृत्युपत्र मी असतानाच, माझ्या मुलीबरोबर तुम्हीही वाचा.

मी, कस्तुरी विठोजी मोहिते, वय सत्तर, हृदय दुबळं पण डोकं शाबूत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. यापूर्वी काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर यजमानांच्या मृत्युपत्राने माझं झालं. घरपट्टी मात्र अजून त्यांच्याच नावाने येते. आमच्यात ते नाव कोणी बदलत नाही. बदललं तर गेलेल्या माणसाला घराबाहेर काढल्यासारखं वाटतं. तिथेच घात झाला. स्वयंपाकघराची भिंत पडली तेव्हा मी इस्पितळात होते. दीर रत्नाकर परस्पर पालिकेला भरपाईची नोटीस देऊन, पोच घेऊन आले. खाली नाव विठोजींचं!

"भावजी, ते जाऊन सात वर्षं झाली."

"वहिनी, घर अण्णांचं. बाईच्या नावाने कागद गेला तर कचेरीत विचारतो कोण?"

पालिकेचं उत्तर आलं: नोटीस देणारी व्यक्ती हयात नसल्याने विचार करता येत नाही. जन्मभर मी पालिकेला सभांतून झोडपलं, पण या उत्तरात मला खोट काढता आली नाही.

२. मग वकील भीमाचार्यांनी कायदा उलगडला. आधी आयुक्तांना लेखी नोटीस. तीत नाव, पत्ता, नुकसान, मागणी. मग दोन महिने थांबायचं. आणि नुकसान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा.

"आचार्य, ज्याने भिंत पाडली त्यालाच आधी कळवायचं? ही कुठली रीत?"

"स्वल्प थांबा, अक्का. न भांडता चूक सुधारायची ही संधी. सुधारली तर तुमचाच कर वाचतो."

राजाला आधी गाऱ्हाणं, मग न्याय, ही रीत किती जुनी असेल? मी अजून शोधते आहे. पण पुढचा प्रश्न तातडीचा होता: "मुदत सरायच्या आत मीच गेले तर?"

आचार्यांनी चष्मा काढला. "पालिका म्हणेल, नोटीस आईची, दावा मुलीचा. नवी नोटीस द्यायला वेळ उरणार नाही."

३. म्हणून राहतं घर, आणि त्यासोबत भरपाई मागण्याचा माझा संपूर्ण हक्क, मुलगी मुग्धा हिला देते.

४. दारावरची विठोजींच्या नावाची पितळी पाटी दीर रत्नाकर यांना. त्यांचा कावा नव्हता, भावावर माया होती. पाटी त्यांनी स्वतःच्या दारावर लावावी.

५. पुस्तकं मराठी मंडळाला, कपाटाला कुलूप न लावण्याच्या अटीवर.

६. मुग्धा, काल तू म्हणालीस, "आई, मी सरकारी संस्थेत. पालिकेविरुद्ध माझं नाव कसं देऊ?" अगं, पगार सरकारचा, भिंत आपली. भरपाई मागणं म्हणजे बंड नव्हे. त्याची वाट कायद्यानेच आखून दिली आहे. मी गेले तरी दावा अडू नये म्हणून दोघींच्या नावाची नोटीस भीमाचार्यांकडे तयार आहे. भिंत पडून चार महिने होत आले; मुदतीत बसायची तर ती याच आठवड्यात जायला हवी. माझी सही झाली आहे. उद्या जा आणि तिच्याखाली तुझी सही कर.

बेंगळूर, ४ मार्च १९९६
सही: कस्तुरी विठोजी मोहिते

त्यांनी आमच्यासमोर आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. भीमाचार्य कट्टी, वकील
२. देवाप्पा, शेजारी