रोज बेळगाव, रोज घर

३ नोव्हें.
बँकेची बढतीची ऑर्डर हातात. बेळगावची मोठी शाखा, मॅनेजर म्हणून. थोरला भाऊ म्हणून अण्णाला आधी फोन केला तर अभिनंदन नाही, काही नाही. “नको म्हणून लिहून दे. अप्पांना कोण बघणार?”
आईच्या आजारपणात एकदा नको म्हणून दिलंय लिहून. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, तुझं काय. आता परत नाही. मळमड्डीचं घर सोडून अप्पा कुठं येणार नाहीत, हेही खरं. म्हणजे रोज जायचं, रोज यायचं. ठरलं.

९ नोव्हें. रवि.
हुबळीला, गोकुळ रोडला गाडी बघायला. अण्णाचं वर्कशॉप तिथंच, म्हणून तोही आला. शोरूमचा माणूस सगळं त्यालाच समजावत होता. शेवटी म्हटलं, “गाडी मी चालवणार आहे. इकडं बघून सांगा.”
अण्णा: “हायब्रिडचा फायदा गावात, गर्दीत. हायवेला तेवढा नाही. माझी डिझेल घेऊन जा की.”
बरोबर आहे त्याचं. पण अडीनडीला तीच चालवते, तिचा क्लच दाबून दाबून माझा गुडघा गेलाय. नुसत्या बॅटरीवरची घ्यावी, तर घरून फोन आला आणि मी वाटेत चार्जिंगला अडकले तर? हिच्यात बॅटरी आपोआप भरते, पेट्रोल घालायचं आणि निघायचं.
बुक केली. पांढरी. अण्णा परस्पर वर्कशॉपला निघून गेला.

१७ नोव्हें.
पहिला दिवस. बटण दाबलं तरी आवाज नाही. चालू झाली की नाही कळेना, तशीच गल्लीबाहेर आले. कित्तूरच्या पुढं उन्हं वर आली. ट्रकवाले बाजू देत नाहीत. मीही दिली नाही.
शाखेतला शिपाई: “मॅडम, ड्रायव्हरला चहा पाठवू?”
“पाठवा. मीच आहे.”

२५ नोव्हें.
अण्णाचा रोज एकच प्रश्न. ॲव्हरेज किती? जोरात मारली की पडतंय, खरंच. आता घाई करत नाही, एका लयीत चालवते. परवापेक्षा आज बरं. त्याला दोन्ही आकडे सांगितले, पडलेला पण. “हं,” म्हणाला.
गुडघा महिनाभरात पहिल्यांदा दुखला नाही.

२ डिसें.
मीटिंगमध्ये शांताक्कांचा फोन. दिवसभर अप्पांजवळ त्याच असतात. “अक्का, अप्पा बाथरूममध्ये पडले.” तशीच उठले. कित्तूरजवळ ट्रक उलटलेला, सगळं ठप्प. पुढं नाही, मागं नाही. गाडी एकदम गप्प. त्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू येत होता. इंजिन मधेच सुरू झालं की बरं वाटायचं, कुणीतरी सोबत आहे म्हणून.
पोचले तेव्हा मनगटाला प्लॅस्टर घालून झालं होतं. अण्णा आधीच आलेला. डॉक्टरांपुढं म्हणाला, “ही बेळगावला मॅनेजर.”
मी म्हटलं, “तुझ्या घरी पडले असते तर मोडलं नसतं?”
वाईट बोलले. मागे घेतलं नाही.

४ डिसें.
रजेवर. अण्णा येऊन गेला. रविवारी अप्पांना हुबळीला नेणार म्हणे. “तू तुझी नोकरी कर.” अप्पांसमोरच. मग अप्पाच म्हणाले, “साकु, पुरे. मी काय टेबल-खुर्ची आहे, इथनं उचलून तिथं ठेवायला?”
जायचं की राहायचं, ते मात्र बोलले नाहीत. मी विचारलं नाही. भीती वाटली, खरं सांगायचं तर.

७ डिसें. रवि.
अण्णा आला, रिकामी बॅग घेऊन. अप्पा कोट घालून तयार, प्लॅस्टरच्या हाताची बाही नुसतीच लोंबत. सरळ माझ्या गाडीत पुढं बसले. “रस्ता बघायचाय मला. ही रोज कुठनं जाते तो.” अण्णा मागं बसला. नाइलाजानं.
कित्तूरपर्यंत जाऊन आलो. ट्रक उलटला होता ती जागा अप्पांनी वळून वळून बघितली. परतताना गावात, सिग्नलला, अण्णा पुढं वाकला.
“इंजिन बंद केलंस?”
“तीच करते.”
तीस वर्षं इंजिनं खोलणारा माणूस. कान देऊन बसला घरापर्यंत.
बॅग नेली नाही त्यानं. भरलीही नाही. दारामागं ठेवून गेला.

८ डिसें.
शाखेत, जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. सकाळी शांताक्का यायच्या आधीच अण्णा दारात. अप्पांजवळ बसायला आला की न्यायला, बोलला नाही. चहा दिला. अप्पा त्याला पेपर वाचून दाखवायला लावत होते.
मी किल्ली घेतली. “येते अप्पा.”
“सावकाश ये.”
अण्णा पेपरातून वर बघेना.
अजून घरून फोन नाही. मीही केलेला नाही. करणार नाही. काम संपलं की निघेन, रोजच्यासारखी. घरात कोण असेल ते असो, मी तिथंच जाणार आहे.